एका टेबलावर वीस देश

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये दुपारी डोकावलं, की एक प्रश्न हमखास मनात येतो : ही मुलं आपापल्यातच का बसतात? बेव्हर्ली टेटम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली कृष्णवर्णीय मुलांच्या संदर्भात हाच प्रश्न पुस्तकाच्या नावातच घेतला. लॅटिनो विद्यार्थ्यांबद्दलही तो जुनाच आहे. मेक्सिको, क्युबा, प्वेर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, एल साल्व्हादोर इथं ज्यांची मुळं आहेत अशी ही मुलं गोऱ्या वर्गमित्रांत मिसळतात का, मिसळली तर शिक्षणात टिकतात का, नाही मिसळली तर काय होतं, यावर गेल्या चाळीसेक वर्षांत ढीगभर अभ्यास झाले. ते चाळताना एक गोष्ट सतत खटकते. बहुतेक अभ्यास या टेबलाचा बाकीच्या टेबलांशी संबंध किती, हे मोजतात. टेबलावर बसलेली मुलं एकमेकांना कितपत ओळखतात, हे मोजायच्या फंदात फारसं कुणी पडत नाही.

आणि पुष्कळदा ओळखतात ती बेताचीच. प्वेर्तो रिकोचा मुलगा १९१७च्या कायद्यामुळे जन्मतः अमेरिकन नागरिक. क्युबातून आलेल्यांसाठी १९६६ साली खास कायदा करून कायमच्या वास्तव्याची वाट मोकळी केलेली. साल्व्हादोरच्या मुलीचे आईवडील १९८० ते १९९२च्या यादवीतून जीव घेऊन निघालेले. तिच्या शेजारी मेक्सिकोत जन्मलेला आणि आईच्या कडेवर बसून सीमा ओलांडलेला मुलगा. १९८२च्या ‘प्लायलर’ निकालामुळे त्याला बारावीपर्यंत शाळा मिळते, कॉलेजचं मात्र काही सांगता येत नाही. २०१२ साली ओबामा सरकारने ‘डाका’ नावाची हद्दपारीपासून दोन-दोन वर्षांची सवलत दिली, पण नव्या अर्जांची वाट पुढे जवळपास बंदच झाली आणि आज पदवीच्या वर्गात बसलेल्या अशा बहुतेक मुलांना ती मिळालेलीच नाही. रोबेर्तो गोन्झालेस यांनी लॉस एंजेलिसमधल्या अशा दीडशे तरुणांचा बारा वर्षं माग काढून २०१६ साली पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट फार स्पष्ट दिसते : ही मुलं आपली कागदपत्रांची अडचण जवळच्या मित्रांपासूनही लपवतात. ‘सुट्टीत तिकडे चल ना’ किंवा ‘गाडी चालवायला शिक की’ असल्या साध्या आग्रहालाही त्यांना काहीतरी थाप मारावी लागते. मग मैत्री एका मर्यादेपुढे जात नाही, आणि समोरचा दुसऱ्या वंशाचा असण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

राजकारणाचंही तसंच. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन विद्यार्थी चळवळीत चे गव्हेराचं चित्र भिंतीवर असणं यात कुणाला काही विशेष वाटत नव्हतं. मायामीतल्या क्युबन निर्वासिताच्या नातवाला त्या चित्रात आजोबांच्या मित्रांना गोळ्या घालणारा माणूस दिसतो. अलीकडे व्हेनेझुएलातून आलेली मुलं या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतात. तरी सरकारी फॉर्मवर दोघांची खूण एकाच चौकटीत.

ही चौकट आली कुठून, याचा इतिहास गमतीचा आहे. १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा चक्क एक वंश होता. मेक्सिकोच्या सरकारने आणि अमेरिकेतल्या मेक्सिकन लोकांनी आरडाओरडा केल्यावर पुढच्या वेळी तो काढून टाकला. १९७७ साली केंद्र सरकारने ‘हिस्पॅनिक’ हा वर्ग अधिकृत केला आणि १९८०च्या जनगणनेत तो प्रश्न पहिल्यांदा सरसकट सगळ्यांना विचारला गेला. समाजशास्त्रज्ञ क्रिस्तिना मोरा यांनी २०१४च्या पुस्तकात दाखवलं आहे की आकडे हवे असलेले सरकारी अधिकारी, मोठा आवाज हवा असलेले कार्यकर्ते आणि देशभर एकच प्रेक्षकवर्ग हवा असलेल्या स्पॅनिश वाहिन्या अशा तिघांनी मिळून ही ओळख उभी केली. २०२०च्या जनगणनेत या चौकटीत ६ कोटी २० लाखांवर माणसं होती, देशाच्या १८.७ टक्के. पण प्यू रिसर्च सेंटरने २०१९ साली विचारलं, तेव्हा स्वतःची ओळख सांगताना सर्वांत जास्त लोक, ४७ टक्के, घराण्याच्या मूळ देशाचं नाव घेत होते. ‘हिस्पॅनिक’ किंवा ‘लॅटिनो’ म्हणणारे ३९ टक्के. विद्यापीठांनी आणि प्राध्यापकांनी लाडाने रुळवलेला ‘लॅटिनेक्स’ हा लिंगनिरपेक्ष शब्द २०२४मध्येही जेमतेम ४ टक्के लोक स्वतःसाठी वापरत होते.

म्हणजे अठराव्या वर्षापर्यंत मुलगी ‘डॉमिनिकन’ किंवा ‘ग्वातेमालन’ असते, आणि पुष्कळदा ‘लॅटिनो’ होते ती कॉलेजात. हे नुसतं आपोआप घडलं नाही, विद्यार्थ्यांनी ते हाताने घडवलं. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये संप चालला, त्यात कृष्णवर्णीय, मेक्सिकन, आशियाई, मूलनिवासी अशी मुलं एकत्र होती आणि त्यातून वांशिक अध्ययनाचं स्वतंत्र महाविद्यालय निघालं. एप्रिल १९६९मध्ये सांता बार्बरा इथं मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एक आराखडा तयार केला आणि ‘मेचा’ ही संघटना जन्मली. त्याच महिन्यात तिकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये कृष्णवर्णीय आणि प्वेर्तो रिकन विद्यार्थ्यांनी सिटी कॉलेजचा ताबा घेतला. पुढच्याच वर्षी तिथल्या सार्वजनिक विद्यापीठाने शहरातल्या शाळांतून उत्तीर्ण होणाऱ्यांना दारं उघडली. डिसेंबर १९७५मध्ये न्यू जर्सीच्या कीन कॉलेजात मुलांची ‘लाम्डा थीटा फाय’ आणि मुलींची ‘लाम्डा थीटा आल्फा’ या संघटना निघाल्या. ‘फ्रॅटर्निटी’ या अमेरिकन विद्यार्थी-मंडळांची ग्रीक अक्षरं घ्यायची आणि त्यात क्युबन, प्वेर्तो रिकन, कोलंबियन असं सगळ्यांना ‘लॅटिन ऐक्या’च्या नावाखाली एकत्र आणायचं, ही कल्पना कॅम्पसवरचीच. आई-वडिलांच्या गल्लीत तिला जागा नव्हती.

याच सुमारास, १९७५ साली, व्हिन्सेंट टिंटो यांनी विद्यार्थी कॉलेज अर्धवट का सोडतात याची उपपत्ती मांडली. पुढची दोन दशकं या क्षेत्रावर तिचंच राज्य होतं. तिचा गाभा असा : विद्यार्थ्याने जुन्या समुदायापासून अलग व्हावं, मधला काळ पार करावा आणि कॉलेजच्या जीवनात मिसळून जावं, हे नीट झालं नाही की गळती होते. अलगपणा, संक्रमण, समावेश या पायऱ्या त्यांनी पुढे ऐंशीच्या दशकात संस्कारविधींच्या मानववंशशास्त्रातून उचलून तिला जोडल्या. विल्यम टिअर्नी यांनी १९९२ साली यावर जो आक्षेप घेतला तो मला बिनतोड वाटतो. संस्कारविधी एकाच संस्कृतीच्या आत होतो. मुंज लागलेला बटू आईच्या ताटात शेवटचं जेवून उठतो खरा, पण मांडव घरचाच असतो, मंत्र म्हणणारे घरचे आणि परत यायचं तेही घरीच. मेक्सिकन मजुराच्या मुलाला परक्याच्या मांडवात नेऊन ‘घर सोड म्हणजे टिकशील’ म्हणायचं, याला संस्कार कसं म्हणणार?

आकड्यांनीही टिंटोंना पूर्ण साथ दिली नाही. सिल्व्हिया हुर्तादो आणि डेबोरा कार्टर यांनी १९९७ साली २७२ लॅटिनो विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखवलं की ‘हे कॉलेज माझं आहे’ ही भावना वर्गाबाहेर अभ्यासावर गप्पा मारणाऱ्यांत आणि धार्मिक किंवा सामाजिक संस्थांत वावरणाऱ्यांत जास्त होती. कॅम्पसवरचं वातावरण वैराचं आहे असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात कमी. जुनं जग सोडायची सक्ती त्यात कुठेच नव्हती. लॉरा रेंडोन यांनी १९९४ साली मांडलं की अशा मुलांना ‘तुला हे जमतं, तू इथं बसण्याच्या लायकीची आहेस’ असं कुणीतरी आपणहून सांगावं लागतं. स्वतः धडपडून सामील व्हायची वाट बघत बसलं तर पुष्कळजण हातचे जातात. टारा योसो यांनी २००५मध्ये आणखी पुढे जाऊन घरची भाषा, नात्यागोत्याचा आधार, अडचणीतून वाट काढायची सवय ही या मुलांची पुंजीच आहे अशी मांडणी केली. ती आज इतकी लोकप्रिय आहे की प्रत्येक प्रबंधात तिची सहा कलमं ओळीने येतात. मला तिचं मोल मान्य आहे, फक्त तिच्या आहारी जाऊन गरिबीलाच सद्गुण ठरवण्याकडे जो कल दिसतो तो पटत नाही. रिचर्ड रॉड्रिग्ज यांनी १९८२च्या आत्मकथनात नेमकी उलटी बाजू लिहिली होती : शिक्षणाने घर दुरावतं, आणि ती किंमत मोजावीच लागते. चळवळीने त्यांना फितूर ठरवलं. पण पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या कुणालाही त्यातलं दुःख खोटं वाटणार नाही.

मिसळण्याचा परिणाम खरोखर मोजायचा तर कोण कुणाजवळ राहणार हे मुलांच्या निवडीवर सोडून चालत नाही, कारण ज्यांचं मन आधीच मोकळं आहे तेच मिसळतात. म्हणून लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमधला जिम सिडॅनियस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास महत्त्वाचा. १९९६ साली आलेल्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा त्यांनी शेवटपर्यंत पाठपुरावा केला, आणि हॉस्टेलमध्ये चिठ्ठी टाकावी तसे कुणाच्याही वाट्याला कुणीही आलेले रूममेट त्यांच्या हाती लागले. दुसऱ्या वंशाच्या रूममेटबरोबर राहिल्याने एकंदरीत पूर्वग्रह कमी झाले. मात्र आशियाई-अमेरिकन रूममेट मिळालेल्यांचे इतरांबद्दलचे पूर्वग्रह वाढताना दिसले, कारण त्या नमुन्यात आशियाई मुलांचे स्वतःचे पूर्वग्रहच जास्त होते आणि ते खोलीत पसरले. आपण आशियाई लोकांनी हा निष्कर्ष दोनदा वाचावा. वांशिक संघटनांबद्दलही त्यांचं निरीक्षण अनेकांना झोंबलं : अशा संघटनेत गेल्यावर स्वतःच्या गटाची जाणीव आणि आपल्यावर अन्याय होतो ही भावना, दोन्ही वाढतात. पण गोऱ्यांच्या फ्रॅटर्निटीतही असंच होतं हेही त्याच अभ्यासात आहे, आणि ते सोडून पहिलंच वाक्य उद्धृत करण्याची टीकाकारांना खोड आहे.

दुसरा प्रयोग बर्कलीचा, एलिझाबेथ पेज-गूल्ड, रोडोल्फो मेंडोझा-डेंटन आणि लिंडा ट्रॉप यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला. त्यांनी लॅटिनो आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या, काही मिश्र, काही एकाच गटातल्या. जोडीने तीनदा भेटायचं. भेटीत एकमेकांना प्रश्न विचारायचे, सुरुवातीचे वरवरचे, मग हळूहळू आतले. भेटीच्या वेळी लाळेचे नमुने घेऊन त्यातलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक तपासलं. ज्यांना ‘समोरचा आपल्याला वंशामुळे झिडकारेल’ अशी धास्ती होती, किंवा ज्यांच्या मनात नकळत पूर्वग्रह होता, त्यांच्यात पहिल्या भेटीत चढलेलं कॉर्टिसोल पुढच्या भेटींत उतरलं. नंतरच्या दहा दिवसांच्या रोजनिशीत, मिश्र जोडीत असलेले हे पूर्वग्रहवाले इतर गटांतल्या लोकांशी आपणहून जास्त बोलू लागल्याचं दिसलं. नुसत्या शेजारी बसण्याने हे होत नाही; कुणीतरी जोड्या लावाव्या लागतात, वेळ द्यावा लागतो.

खोलीतली भांडणं मात्र संप्रेरकापर्यंत पोचण्याआधीच सुरू होतात. यूसीएलएतच पट्रिशिया ग्रीनफील्ड आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी २०१५च्या सुमारास घरातल्या पहिल्या पिढीच्या लॅटिनो विद्यार्थ्यांना गटाने बसवून बोलतं केलं. निघालं ते असं : घरी फ्रीजमधलं सगळ्यांचं असतं, इथं दुधाच्या डब्यावर नाव लिहिलेलं. घरी पाहुणा आला की विचारायचं नसतं, इथं रूममेट म्हणते आधी मेसेज का नाही केला. उलट बाजूने फोन : आजीला दवाखान्यात न्यायचंय, धाकट्याच्या शाळेत दुभाष्या हवाय, शनिवारी ये. उद्या मिडटर्म आहे हे सांगायचं कसं, आणि सांगितलं तर ‘कॉलेजात गेली आणि बदलली’ हे ऐकायचं कसं? इथं दोन संस्कृतींची टक्कर वगैरे मोठे शब्द वापरायची गरज नाही. दोन्हीकडची मागणी रास्त आहे आणि दिवस एकच आहे.

टेबलाच्या आतली भांडणं जास्त बोचरी. भाषेचं घ्या. तिसऱ्या पिढीपर्यंत स्पॅनिश बहुतेकांच्या हातून सुटते. प्यूच्या २०२३च्या अहवालात, ज्यांना स्पॅनिश फारशी येत नाही अशांपैकी ५४ टक्के लॅटिनोंनी सांगितलं की दुसऱ्या लॅटिनोनेच त्यांना त्यावरून खजील केलं. अशा मुलांना आता ‘नो साबो किड’, म्हणजे ‘मला माहीत नाही’ हेही चुकीच्या स्पॅनिशमध्ये सांगणारं पोर, म्हणतात. कुणी चिडवायला, कुणी बिनधास्त टी-शर्टवर छापून. यांच्या आजोबांना टेक्ससच्या शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल मार बसला होता, म्हणून त्यांनी मुलांना ती शिकवली नाही, हे चिडवणाऱ्याला ठाऊक नसतं.

रंगाचं आणखी अवघड. लॅटिनो प्रौढांपैकी सुमारे १२ टक्के स्वतःला आफ्रो-लॅटिनो म्हणवतात. डॉमिनिकन मुलगी कृष्णवर्णीयांच्या संघटनेत गेली तर ‘तू स्पॅनिश बोलतेस’, लॅटिनोंच्या संघटनेत गेली तर ‘तू नक्की आमच्यातली?’ ओआहाका प्रांतातून कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरीच्या शेतांवर आलेल्या मिश्तेक कुटुंबांची तर स्पॅनिश ही घरची भाषाच नव्हे. ऑक्सनार्ड गावात मेक्सिकन पोरंच त्यांना ‘ओआहाकीता’ म्हणून हिणवायची. २०१२ साली तिथल्या मिश्तेक तरुणांनी मोहीम काढली आणि शाळांना त्या शिवीवर बंदी घालायला लावली. तीच मुलं पुढे जवळच्या सरकारी विद्यापीठात जातात, चिडवणारीही तिथंच जातात, आणि विविधतेच्या अहवालात दोघांची बेरीज होते.

मार्च २०१९मध्ये ‘मेचा’च्या राष्ट्रीय बैठकीत हे सगळं एकदम वर आलं. ‘मेचा’ हे ज्याचं लघुरूप त्या पन्नास वर्षांच्या नावातला ‘चिकानो’ फक्त मेक्सिकन लोकांचा, आणि ‘आझ्तलान’ ही आझ्टेकांची पौराणिक मायभूमी प्रत्यक्ष इथल्या मूलनिवासींच्या जमिनीवर हक्क सांगणारी, असं म्हणत तरुण प्रतिनिधींनी दोन्ही शब्द गाळायला मत दिलं. जुने कार्यकर्ते भडकले. काही शाखांनी जुनंच नाव ठेवलं. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटला. मला वाटतं, मध्य अमेरिकेतून आलेल्या मुलांची संख्या वाढल्यावर हे कधीतरी व्हायचंच होतं. कॅलिफोर्निया स्टेटच्या नॉर्थरिज कॅम्पसवर त्यांच्यासाठी वेगळा मध्य अमेरिकी अध्ययनाचा उपक्रम २०००मध्येच निघाला होता.

या साऱ्या चर्चेत गृहीत असं, की विद्यार्थी कॅम्पसवर राहतो आणि त्याच्याकडे मिसळायला संध्याकाळ मोकळी असते. एल पासोच्या टेक्सस विद्यापीठात जाऊन पाहावं. विद्यार्थ्यांत ८० टक्क्यांहून जास्त लॅटिनो. त्यातले कित्येक रोज मेक्सिकोतल्या सिउदाद ह्वारेसमधून येतात. पहाटे पुलापाशी पोचायचं, काही पेसोंचा टोल भरायचा, पायी पूल चढायचा, रांगेत पासपोर्ट-व्हिसा हातात धरून उभं राहायचं. पलीकडे उतरलं की २०१८पासून ट्राम आहे. रांग किती लांब असेल याचा नेम नाही, म्हणून आठच्या वर्गासाठी पाचला निघणारे असतात. गरजू मेक्सिकन विद्यार्थ्यांना टेक्ससच्या स्थानिक दराने फी भरण्याची सोयही आहे. इथं बहुसंख्य कोण आणि अल्पसंख्य कोण? ह्वारेसचा मुलगा एल पासोच्या मुलाच्या मोडक्या स्पॅनिशला हसतो, एल पासोचा मुलगा त्याच्या इंग्रजी उच्चारांना. संध्याकाळी एक परत रांगेत, दुसरा दुकानात पाळीवर. क्लबच्या सभेला कोण उरतं?

लॅटिनो विद्यार्थी बहुतांशी अशाच ठिकाणी शिकतात. त्यांची संख्या १९८०मधल्या सुमारे ५ लाखांवरून २०२०मध्ये ३७ लाखांवर गेली. १९९२च्या कायद्याने, जिथं पदवीपूर्व विद्यार्थ्यांत २५ टक्के लॅटिनो आहेत अशा संस्थांना वेगळा दर्जा आणि निधी मिळू लागला. अशा संस्था आता सहाशेच्या आसपास आहेत आणि जवळपास दोन तृतीयांश लॅटिनो पदवी विद्यार्थी तिथंच आहेत. जीना गार्सिया यांनी २०१९च्या पुस्तकात नेमका प्रश्न विचारला : पंचवीस टक्के भरले म्हणजे सेवा झाली का? कित्येक संस्थांत मुलं लॅटिनो, पण प्राध्यापक आणि अभ्यासक्रम पूर्वीचेच. पुण्या-नागपूरहून एमएसला ज्या ॲरिझोना स्टेटमध्ये किंवा आर्लिंग्टनच्या टेक्सस विद्यापीठात आपली मुलं जातात, त्यांनाही हा दर्जा आहे. ॲरिझोना स्टेटला तो २०२२ साली मिळाला. आपल्या बहुतेक मुलांना याचा पत्ता नसतो. पदव्युत्तर प्रयोगशाळांत लॅटिनो कमी, त्यामुळे आपल्या मुलांचा त्यांच्याशी संबंध बहुधा कॅन्टीनच्या काउंटरवर काम करणारे आणि रात्री झाडलोट करणारे एवढाच येतो, आणि त्यावरून जे मत बनतं ते बनतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत जमीनच सरकली आहे. जून २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. टेक्ससच्या नव्या कायद्याने जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयं बंद झाली; ऑस्टिनमधलं बहुसांस्कृतिक केंद्र गेलं आणि लॅटिनो संघटनांचा निधीही गेला, तेव्हा पदवीदानाचा आपला वेगळा समारंभ मुलांनी स्वतः पैसे जमवून केला. जून २०२५मध्ये टेक्ससने कागदपत्रं नसलेल्या मुलांची २००१पासूनची स्थानिक फीची सवलत काढून घेतली. त्याच वर्षी केंद्र सरकारने पंचवीस टक्क्यांच्या निकषाचा न्यायालयात बचाव करायला नकार दिला आणि सप्टेंबरमध्ये अशा अल्पसंख्याक-बहुल संस्थांचे सुमारे ३५ कोटी डॉलर थांबवले. विरोधकांचं म्हणणं, पैसा वंशाच्या टक्क्यावर का द्यायचा? पण या निधीतून झालेल्या शिकवण्या आणि समुपदेशन त्या संस्थेतल्या सगळ्याच मुलांना मिळत होतं.

एक बदल मात्र गाजावाजा न होता झाला. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने वंशाची माहिती गोळा करण्याचे नियम बदलले : ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ या चौकटीखाली मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, साल्व्हादोरन, क्युबन, डॉमिनिकन, ग्वातेमालन असे पोटरकाने आले. विद्यापीठांनी हे रकाने प्रामाणिकपणे भरून घेतले, तर ह्यूस्टनमधली साल्व्हादोरची मुलगी मेक्सिकन बहुसंख्य असलेल्या संघटनेत टिकते का, मायामीत ग्वातेमालाचा मुलगा क्युबन रूममेटबरोबर कसा राहतो, असे प्रश्न निदान विचारता तरी येतील. आजवरच्या बहुतेक नमुन्यांत ही दोन्ही मुलं मोजलेली आहेत, फक्त वेगवेगळी दिसत नाहीत.